पदराखालचा सौदा

अंजनाबाई फापाळे जुनी पिकअप बघायला बैल घेऊन गेल्या, हे ओतूरच्या पेठेत अजून सांगतात आणि सांगताना पोट धरून हसतात. हसू देत. जुनी गाडी घ्यायला निघालेला माणूस सोबत मेकॅनिक नेतो, नाहीतर गाडीतलं सगळं कळतं असं स्वतःच सांगणारा मेहुणा नेतो. अंजनाबाईंनी चिमण्याला नेलं. चिमण्या हा त्यांचा म्हातारा बैल, आणि त्याला नेण्याचं कारण त्यांच्यापाशी पक्कं होतं.

जुन्नर-आंबेगावात ज्याच्या दावणीला शर्यतीचे बैल, त्याच्या घरी दुधाचा पहिला पेला पोरांच्या आधी बैलाला जातो. बहुतेक घरांत हे वेड गड्याचं असतं आणि बाईच्या वाट्याला कुरकुर येते. फापाळ्यांकडं कुरकुरायला कुणी उरलंच नव्हतं, कारण वेड बाईलाच होतं. अंजनाबाईंचे वडील बैलांचे व्यापारी. बाजारात बापाच्या मागं बसून ही पोर दात, खूर, भोवरे बघायला शिकली, आणि उपरण्याखाली बोटं धरून मुक्यानं सौदा कसा करतात तेही शिकली. लग्न होऊन ओतूरजवळच्या वाडीत आली ती एक खोंड मागं लावूनच. नवरा सावळाराम भला माणूस. त्यांना कांद्यातलं कळे, टोमॅटोतलं कळे, आणि बायकोच्या बोलण्यात कुठं हो म्हणायचं तेही नेमकं कळे. संसार सुखाचा झाला तो उगाच नव्हे.

शर्यतीच्या गाड्याला चार बैल लागतात, पुढं दोन, मागं दोन. एका घराला चौघं पोसणं झेपत नाही, म्हणून जोडीदार गाठतात. अंजनाबाईंचे पोपट आणि वजीर, आणि आंबेगावकडच्या गेणभाऊंचे दोन, असा मिळून हा गाडा पळे. गेणभाऊ जुने, नावाजलेले गाडामालक. त्यांनी बाईमाणसाचे बैल जोडीला घेतले याचं लोकांना नवल वाटे आणि अंजनाबाईंना अभिमान.

त्या अभिमानाला एका चैत्रात दृष्ट लागली. यात्रेला बैल घाटावर, म्हणजे गाडे पळतात त्या चढावर, न्यायला भाड्यानं गाडी चालवणाऱ्या पप्पूची पिकअप सांगितली होती. पप्पूनं तीच सकाळ आणखी दोघांना कबूल केली होती. आधी त्यांचे बैल पोचवून तो फापाळ्यांच्या दारात आला, तोवर तिकडं पुकारा सुरू झालेला. लाऊडस्पीकरवर अंजना सावळाराम फापाळे हे नाव तीनदा घुमलं. घाटाच्या तळाशी गेणभाऊ आपले दोन बैल धरून एकटे उभे होते. तिसऱ्या पुकाऱ्यानंतर त्यांची बारी गेली आणि पुढचा गाडा जुंपला. अंजनाबाई पोचल्या तेव्हा गेणभाऊ रागावले नाहीत, हेच त्यांना जास्त लागलं. ते एवढंच म्हणाले, की पुढच्या यात्रेला स्वतःची गाडी असेल तर जोडी राहील, नाहीतर मी दुसरे बैल बघतो.

आपल्या नावाचा पुकारा झाला आणि आपण जागेवर नव्हतो, ही गोष्ट अंजनाबाईंना घास गिळू देईना. घरी आल्यावर त्यांनी सांगून टाकलं, की आता बैल घाटावर जातील ते आपल्या गाडीनं, नाहीतर जाणारच नाहीत. सावळारामभाऊंनी नेमक्या जागी हो म्हटलं. मुलगा आदेश गाडी चालवण्यात तरबेज होता. तो कामाला लागला. नवी गाडी आवाक्यातली नव्हती, म्हणून जुनी बघायची, पण दांडगी बघायची असं ठरलं.

आता चिमण्याचं कारण. तो ऐन भरात होता तेव्हा भाड्याच्या एका गाडीची तळाची फळी त्याच्या पायाखाली मोडली होती. पाय वाचला. पण तेव्हापासून तो कुठल्याही गाडीत चढण्याआधी हुंगतो, खूर आपटून बघतो, आणि मनाला आलं नाही तर चार गड्यांना जुमानत नाही. पोपट आणि वजीर त्याच्याच डोळ्यांसमोर वाढलेले. तो एकदा चढून उतरला, की मगच ते दोघे त्या गाडीत पाय टाकत. म्हणजे गाडी कुणाच्या पसंतीला उतरायला हवी, हे उघडच होतं. दलालांनी दोन गाड्या वाडीवर आणून उभ्या केल्या. एकीनं जन्मभर दगड वाहिले होते, दुसरीनं काय वाहिलं होतं ते दलालही धड सांगेना. चिमण्यानं दोन्ही हुंगल्या आणि पाठ फिरवली. अंजनाबाईंनी दलालांना चहा पाजून वाटेला लावलं.

असे महिने गेले. संक्रांत झाली, यात्रा जवळ यायला लागली, आणि गेणभाऊंनी कुणाचे तरी दोन बैल पाहून ठेवल्याची बातमी आली. अशात आदेशला कळलं, की ओतूरच्या पेठेतली सुगनचंद शेठांची पिकअप निघणार आहे.

सुगनचंद शेठांचं पेंडीचं दुकान अख्ख्या पट्ट्याला माहीत. कुणाच्या गोठ्यात काय घालायचं ते शेठ गोठा न बघता सांगत. ते वारले, आणि नातू प्रितमनं पेंड बंद करून प्लायवूड-हार्डवेअरचं ठरवलं. गाडी दाराशी उभी होती. लांब हौद्याची, जाड पाट्यांची, भरपूर वजन पेलणारी, आणि शेठांनी पोटच्या पोरासारखी जपलेली. मागच्या फाळक्यावर अजून ‘सुगनचंद पशुखाद्य’ असं लिहिलेलं होतं. फक्त गाडी प्रितमच्या नावावर नव्हती, त्याच्या आजीच्या, सूरजबाईंच्या नावावर होती. त्याचं काय एवढं, असं प्रितमला वाटलं. तो आदेशला म्हणाला, या कधीही.

तर हे तिघं सकाळच्या उन्हात निघाले. पुढं नवं लुगडं नेसलेल्या अंजनाबाई, मागं चिमण्याचा कासरा धरून सावळारामभाऊ, आणि सगळ्यांत मागं मोटरसायकल रखडत आदेश. स्टँडजवळ कुणीतरी विचारलं, कुठं निघालं पाव्हणं. गाडी बघायला, असं सावळारामभाऊ म्हणाले. कुणासाठी, असं त्यानं विचारलं, तेव्हा त्यांनी बैलाकडं बोट केलं. तिथूनच पेठेतली टाळकी मागं लागली.

सूरजबाई दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या. ऐंशीच्या घरातली बाई, पण नजर घारीची. त्यांनी आधी बैल पाहिला, मग माणसं पाहिली, आणि कुणी नमस्कार करायच्या आत नातवाला हाक मारून सांगितलं, “प्रितम, गाडी विकायची न्हाई. ह्यांना चहा दे अन् जाऊ दे.”

प्रितम गडबडला. आदेश पुढं होऊन काही सांगू लागला, तर म्हातारीनं त्याला हातानंच थांबवलं. या गाडीनं जन्मभर जनावरांचं खाणं वाहिलं, म्हणाल्या, ती आता जनावरं मरायला वाहणार नाही. म्हातारं जनावर दाराशी आणून हौदा मापणारे लोक त्यांनी आधीही पाहिले होते.

अंजनाबाईंचं चुकलं होतं ते इथं. जैनाच्या दारी गाडी मागायला जाताना सोबत थकलेला बैल उभा केला, तर त्या घरच्या म्हातारीच्या मनात काय येईल, याचा विचार त्यांनी केलाच नव्हता. बैलवाल्याला बैल म्हणजे घरचं माणूस. दुसऱ्या कुणाला तो किलोवर मोजायचा माल दिसेल, हे त्याच्या डोक्यातच येत नाही. आणि आता ते डोक्यात आलं तेव्हा अंजनाबाईंच्या कानशिलाच्या शिरा तटतटल्या. खरं काय ते सांगायला त्या पुढं झाल्या, तर म्हातारीनं तोंड फिरवलेलं. वर्षभराचा सगळा खटाटोप त्या पायरीपाशी मातीत गेला असं त्यांना वाटलं.

सावळारामभाऊही ऐकण्यात गुंगले आणि हातातला कासरा सैल पडला. गाडी पोती उतरवायच्या ओट्याला मागून लावलेली होती, फाळका उघडा होता, आणि ओट्याला चढण होती. चिमण्यानं नाक वर केलं. तो सावकाश ओटा चढला, फाळक्याशी थांबला, हौद्यात एकदा खूर आपटला, परत आपटला, आणि कुणीही न सांगता आत जाऊन उभा राहिला. मग मान खाली घालून तळ चाटायला लागला. तळाच्या फळ्यांच्या फटींत वर्षानुवर्षांचा सरकीचा चुरा बसलेला होता. चिमण्याच्या पारखीचे गोडवे पुढं फार गायले गेले, पण खरं सांगायचं तर त्यानं चेसिस बघितला नाही की टायर बघितले नाहीत. त्याचा कौल पेंडीला होता.

गर्दी हसली. आदेशनं कपाळाला हात लावला. किंमत पाडायला त्यानं टायरचं, क्लचचं, गंजाचं काय काय पाठ करून आणलं होतं, आणि इथं गिऱ्हाइकच मालात बसून मिटक्या मारत होतं. सावळारामभाऊंनी कासरा ओढला, चुचकारलं. बैल काही उतरेना.

सूरजबाईंच्या तोंडावरही हसू येऊन गेलं. शेठांच्या दुकानात शिरलेलं जनावर आजवर उपाशी हाकललेलं नव्हतं. त्या काठी टेकत उठल्या, ओट्यावर आल्या आणि बैलाकडं जवळून पाहू लागल्या. डोळ्यांभोवती आलेली पांढुरकी लव, बसलेले खांदे, आणि तेल चोळून लख्ख केलेली शिंगं त्यांनी नीट बघितली.

“ह्यो पळतो?” त्यांनी विचारलं.

“न्हाई काकी,” अंजनाबाई म्हणाल्या. “पळायचा. आता खातो अन् बसतो.”

“मग ठेवलायस कशाला?”

आता मात्र अंजनाबाईंचा आवाज चढला, आणि तो पेठेच्या दुसऱ्या टोकाला गेला. “काकी, माझा सासरा म्हातारा झाला, अंथरुणाला खिळला, तवा त्यालाबी कुणी इचारलं न्हाई, कशाला ठेवलायस म्हणून.”

सावळारामभाऊ जमिनीकडं बघत राहिले. बाप आठवला असणार. सूरजबाईंनी बैलाच्या पाठीवर हात ठेवला, तो तसाच राहू दिला, आणि मग एकेक गोष्ट विचारून घेतली. कुठले बैल पळवता, मारता का, कुणाच्या गाडीनं नेता. अंजनाबाईंनी गेल्या यात्रेला गेलेली बारी सांगितली, गेणभाऊंचं बोलणं सांगितलं, मारलेला बैल मनानं पळत नसतो हेही सांगितलं. म्हातारी म्हणाली, “पळवणं मला काय पटत न्हाई. पण तुझं ठेवणं पटलं.” आणि तिनं आपल्या हातावर पदर सोडला.

तो पदर कशाला सोडला हे तिथं दोघींनाच कळलं. शेठांच्या उमेदीच्या काळात बैलबाजारात दुकान लागे तेव्हा सूरजबाईही गल्ल्यावर बसत, आणि व्यापाऱ्यांच्या हातावरची उपरणी बघता बघता त्यातली भाषा त्यांना अवगत झाली होती. अंजनाबाईंनी पदराखाली हात घातला. बोटं बोटांना लागली. एकीनं चार धरली, दुसरीनं झटकून टाकली. एकीनं तळव्यावर दाबलं, दुसरीनं मान हलवली. तोंडातून अक्षर नाही. प्रितम एकदा आजीच्या तोंडाकडं बघे, एकदा पदराकडं. व्याजासकट हिशेब कॉम्प्युटरवर करणारा तो पोरगा, त्याच्या घरची गाडी त्याच्या डोळ्यांदेखत विकली जात होती आणि कितीला ते त्याला कळत नव्हतं.

शेवटी सूरजबाईंनी अंजनाबाईंची सगळी बोटं एकदम मुठीत धरली आणि घट्ट दाबली. सौदा झाला. आकडा नंतर कागदावर आला असेलच, पण पेठेला तो आजतागायत ठाऊक नाही, आणि पेठेला ठाऊक नाही अशी ओतुरात हीच एक गोष्ट आहे.

पदर सावरल्यावर म्हातारीनं एक अट तेवढी मोठ्यानं सांगितली. “जेवढी जनावरं नेशील तेवढी परत आणायची. अन् जातायेता माझ्या दारावरनं न्यायची. मी मोजणार.”

अंजनाबाईंनी पायाला हात लावून कबूल केलं. किल्ली देण्याआधी सूरजबाईंनी सीटमागचा माल बांधायचा दोर मात्र काढून घेतला, कारण जनावर विकलं तरी दावं देत नसतात. अंजनाबाईंनाही ते माहीत होतं. घरून आणलेला नवा दोर त्यांनी पिशवीतून काढून गाडीत ठेवला. पुढं आदेश फाळक्यावरचं जुनं नाव पुसायला निघाला, तर त्याही गोष्टीला त्यांनी मोडता घातला. विकत आणलेल्या बैलाचं नाव आपण बदलतो का, असं त्या म्हणाल्या. म्हणून ‘सुगनचंद पशुखाद्य’ तसंच राहिलं, आणि खाली बारीक अक्षरांत ‘गाडामालक अंजना सावळाराम फापाळे’ असं आलं.

चैत्रात यात्रा भरली. घाट आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या अलीकडं. वाडीवर चिमण्या आधी चढला, तळ चाटून उतरला, मग पोपट आणि वजीर मुकाट चढले. पेठेत म्हातारीनं पायरीवरून दोन मोजून घेतले. गाडी घाटावर पोचली तेव्हा मांडवाच्या दोऱ्या बांधायचं काम चाललं होतं. गेणभाऊ आले ते आपल्या आधी आलेली पिकअप बघून थबकले. त्यांनी फाळक्यावरची दोन्ही नावं वाचली आणि बाईंना म्हणाले, “आता जोडी मोडायची तर तुमीच मोडा, ताई.” अंजनाबाईंना वर्षभरात पहिल्यांदा भूक लागली.

दुपारी पुकारा झाला तेव्हा बाई बैलांच्या कपाळाला गुलाल लावून जागेवर हजर होत्या. गाडा सुटला. धुरळा उठला, टोप्या हवेत गेल्या, आणि चारही बैल असे वर गेले की सावळारामभाऊंना हो म्हणायचंसुद्धा सुचलं नाही. दिवसभरात एकच गाडा त्यांच्यापेक्षा सरस ठरला. म्हणजे दुसरा नंबर. मानाची ढाल, फेटा, आणि संध्याकाळी व्यासपीठावर नाव घेऊन सत्कार. ज्या नावाचा पुकारा एकदा वाया गेला होता, तेच नाव आता हजारो माणसांसमोर घेणार होते. अंजनाबाईंनी बैल बांधले, पदर नीट केला आणि मांडवाकडं निघाल्या.

तेवढ्यात आदेशच्या फोनवर प्रितम आला. म्हणाला, आजी सकाळपासून पायरीवर बसली आहे. बैल परत येईपर्यंत जेवणार नाही म्हणते. आता तुम्ही अंधारानंतर आलात तर ती उद्यापर्यंत तशीच राहील. सूरजबाई सूर्य मावळल्यावर पाण्याचा घोटही घेत नाहीत, हे पेठेत सगळ्यांना माहीत होतं.

आदेशनं आईकडं बघितलं. मांडव तिथं समोर होता. पण सगळा सत्कार उरकायला तासभर गेला असता. ऊन कलायला लागलं होतं, आणि बैल घेऊन जुन्नरवरून ओतूर म्हणजे गाडी दामटता येत नाही. अंजनाबाईंनी व्यासपीठाकडं एकदा डोळे भरून पाहिलं. जीव तुटला, नाही असं नाही. मग गेणभाऊंना म्हणाल्या, ढाल तुम्ही घ्या, आमची वाट बघणारं माणूस उपाशी आहे.

बैल चढवून गाडी रस्त्याला लागली आणि मागून लाऊडस्पीकर घुमला. अंजना सावळाराम फापाळे. एकदा, दोनदा, तीनदा. बाई पुढच्या सीटवर बसून ऐकत होत्या आणि हसत होत्या. आपल्या नावाचा पुकारा व्हावा आणि आपण जागेवर नसावं, याचा या वेळी त्यांना अभिमान वाटत होता.

जुन्नर मागं पडलं. वाडीचा फाटा आला, तिथं पोरं हलगी घेऊन उभी होती, पण गाडी तिथं थांबली नाही. पेठेत शिरले तेव्हा ऊन फक्त वरच्या पत्र्यांवर उरलं होतं. सूरजबाई पायरीवरच होत्या. गाडी बघून उठल्या, कुणाचा हात न घेता आल्या, आणि फाळक्याला धरून आत डोकावल्या. पोपटानं त्यांच्या हाताला नाक लावलं.

“दोन नेले, दोन आणले,” त्या म्हणाल्या. “चल, हात धू. पानं वाढलीत.”

अंजनाबाई गुलालानं माखलेल्या तशाच त्यांच्या मागून आत निघाल्या. गाडीभोवती पेठ जमली होती. बाजाराकडून येणारा कुणी नवखा माणूस बैलांवरचा गुलाल पाहून थांबला आणि त्यानं पायरी चढणाऱ्या म्हातारीला विचारलं, कुणाचा गाडा वो काकी.

सूरजबाईंनी वळूनही पाहिलं नाही. “आमचा,” म्हणाल्या, आणि अंजनाबाईंचा हात धरून जेवायला आत गेल्या.